पेनकिलर चालू असताना पाय सुजले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा, कंबर, मान किंवा टाच दुखते म्हणून गोळ्या सुरू होतात. आठवडाभरात चप्पल घट्ट व्हायला लागते आणि संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकची खूण पायावर उमटून राहते. अशा वेळी ठाणे आणि नवी मुंबईतल्या दवाखान्यांत, केमिस्टच्या काउंटरवर जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

दम लागतोय, छातीत दुखतंय, लघवी अगदी कमी झाली आहे, ओठ-जीभ-चेहरा सुजला आहे, किंवा एकच पाय अचानक सुजून दुखतोय? मग हे पान वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

गोळी तर सूज उतरायला दिली होती. मग पायच कसे सुजले?

सांधा सुजतो तेव्हा तिथे दाह असतो: लाली, उष्णता, ठणका. पेनकिलर शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही, म्हणून तो दाह उतरतो. पण हीच द्रव्यं किडनीतही काम करत असतात. किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या ती मोकळ्या ठेवतात आणि जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतात. गोळीने तीही अडतात. किडनी मीठ धरून ठेवते, मिठासोबत पाणी थांबतं आणि ते पाणी दिवसभरात खाली, घोट्यांपाशी उतरतं.

म्हणजे गुडघ्याची सूज उतरत असतानाच घोट्यांना नवी सूज येऊ शकते. गोळी लागू पडत नाही असा याचा अर्थ नाही, आणि डोस वाढवावा असा तर मुळीच नाही. पायाकडे बघून डोस वाढवला की त्रासही वाढतो.

कोणत्या गोळ्यांमुळे हे होतं?

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब, इंडोमेथासिन, पायरॉक्सिकॅम, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड हा सगळा एकच गट आहे. नुसतं पॅरासिटामॉल यात येत नाही. या पानावर ‘पेनकिलर’ म्हटलं आहे ते याच गटाला.

अडचण अशी की आपल्याकडे या गोळ्या बऱ्याचदा मिश्रणात मिळतात आणि लोकांना ब्रँडचं नाव माहीत असतं, आतलं औषध नाही. झेरोडॉल-पी किंवा हिफेनॅक-पी म्हणजे ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. हाडांच्या डॉक्टरांनी झेरोडॉल-पी दिली, डोकं दुखलं म्हणून मधेच कॉम्बिफ्लॅम घेतली आणि अंग मोडून आलं म्हणून रात्री डोलो घेतली, तर एका दिवसात या गटातली दोन औषधं आणि तीन ठिकाणांहून पॅरासिटामॉल पोटात गेलं. दुखणं दुप्पट कमी होत नाही. किडनी आणि पोटावरचा भार मात्र वाढतो. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. चष्म्यानेही दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा.

‘एसपी’ असलेल्या गोळीत जादाचं सूज उतरवणारं औषध असतं ना?

‘एसपी’ मधलं एस म्हणजे सेराटिओपेप्टिडेज. किडनीने धरून ठेवलेलं मीठ-पाणी त्याने बाहेर पडत नाही. पाय सुजले म्हणून ‘पी’ बदलून ‘एसपी’ घेणं व्यर्थ आहे, कारण सूज आणणारं ॲसिक्लोफेनॅक दोन्हींत तितकंच असतं.

किती जणांना हा त्रास होतो, आणि किती दिवसांत?

सर्वसाधारणपणे शंभरात ३ ते ५ जणांना दिसण्याइतकी सूज येते. मीठ धरून ठेवणं पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतं. पायावर ते दिसायला बहुधा आठवडा-दोन आठवडे लागतात. ज्यांचं वय ६५ च्या पुढे आहे, ज्यांना बीपी, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, किडनीचा किंवा यकृताचा आजार आहे, त्यांच्यात हे प्रमाण आणि त्याची तीव्रता दोन्ही जास्त.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गोळी सहा-आठ महिने बिनतक्रार चालली आणि मग अचानक पाय सुजले, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगवटा दिसतो, लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही, तर हा साधा मीठ-पाण्याचा प्रकार नसू शकतो. या गटातल्या औषधांमुळे क्वचित किडनीची गाळणी बिघडून लघवीतून प्रथिनं जायला लागतात. अशा वेळी त्याच आठवड्यात लघवीची तपासणी करून घ्या.

ही सूज गोळीचीच आहे हे घरी कसं ओळखायचं?

खात्री घरी होत नाही, पण डॉक्टरांना उपयोगी पडेल अशी बरीच माहिती घरी गोळा करता येते.

घोट्याच्या वर चार बोटं, नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच ते दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहिला तर आत पाणी आहे. दोन्ही पायांवर करून बघा. औषधाची सूज बहुतेक वेळा दोन्ही पायांना साधारण सारखी असते, दुखत नाही, लाल नसते, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. सांधा सुजला असेल तर फुगवटा सांध्यापुरताच राहतो, हलवल्यावर दुखतं आणि दाबल्यावर खड्डा पडत नाही.

पण खड्ड्यापेक्षा भरवशाचं साधन म्हणजे वजनकाटा. खड्डा स्पष्ट पडेपर्यंत शरीरात दोन-तीन लिटर जादा पाणी साठलेलं असू शकतं, वजन मात्र आधीच सांगतं. रोज सकाळी, लघवी-शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ज्यांचं हृदय अशक्त आहे त्यांनी एका दिवसात किलोभर वाढलं तरी थांबू नये.

गोळी सुरू करण्याच्या दिवशीच वजन आणि बीपी लिहून ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं. आधीचा आकडाच नसेल तर नंतरचा कशाशी ताडून बघणार?

एकाच पायाला सूज आहे. तीही गोळीमुळे असेल का?

तसं गृहीत धरू नका. पेनकिलरमुळे साठलेलं पाणी साऱ्या शरीरात असतं, त्यामुळे ते दोन्ही पायांत उतरतं. एकच पाय सुजला तर आधी पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का हे पाहावं लागतं. गुडघा किंवा खुब्याचं ऑपरेशन, प्लास्टर, आठवडाभर अंथरुणात पडून राहणं, लांबचा बसप्रवास, गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग यांपैकी काही मागे असेल तर संशय वाढतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं.

मोजायचं असेल तर शिवणाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्यापासून १० सेंटिमीटर खाली खूण करा आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्या. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच दिवशी पायाची डॉप्लर सोनोग्राफी हवी. फरक कमी आहे पण पोटरी दुखते, तरीही दाखवा. तोवर तो पाय चोळू नका, मालिश करू नका, शेकू नका.

लाल, गरम, वेगाने पसरणारी सूज आणि ताप असेल तर त्वचेखालचा जंतुसंसर्ग असू शकतो. मधुमेहींच्या पायाला बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांमधून तो शिरतो आणि पावसाळ्यात हे फार दिसतं. गुडघ्याची झीज असलेल्यांमध्ये गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटूनही पोटरी सुजते. ही सगळी निदानं डॉक्टरांनी पाय बघून करायची असतात.

बीपीची गोळीही चालू आहे. सूज कोणत्या गोळीची?

या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो.

ॲम्लोडिपिन हे बीपीचं औषध स्वतःच घोटे सुजवतं. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमला जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. त्याची तऱ्हा वेगळी आहे: बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी तिथल्या तिथे पायात झिरपतं. किडनी मीठ अडवत नाही, म्हणून वजन सहसा फारसं वाढत नाही आणि बीपी ताब्यात असतं. पेनकिलरच्या सुजेत वजन वाढतं आणि बीपीही चढतं. एवढ्या फरकावरूनही बरंच कळतं. ॲम्लोडिपिनच्या सुजेवर पाण्याच्या गोळीचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळीचा, फारसा उपयोग होत नाही. डोस कमी करणं, जोडीला टेल्मिसार्टनसारखं औषध देणं किंवा सिल्निडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीवर जाणं हे डॉक्टर ठरवतात. ॲम्लोडिपिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणखी तीन औषधांकडे बघा. सायटिका किंवा नस दबल्याच्या दुखण्यासाठी पेनकिलरसोबत प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन देतात, त्यांनीही पाय सुजतात. मधुमेहाच्या मिश्र गोळ्यांमध्ये पायोग्लिटाझोन असेल तर तेही पाणी धरून ठेवतं. आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं. पेनकिलर यांच्यापैकी एकाला जोडून आली की सुजेला दोन कारणं होतात, म्हणून सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नुसती नावं आठवून सांगण्यात काहीतरी राहून जातंच.

टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी एकत्र घेतो. त्यावर पेनकिलर चालेल का?

दोन-चार दिवससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. पाण्याची गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, रक्तातलं पाणी कमी करते. पेनकिलर आत येणारी वाहिनी आवळते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीतला दाबच पडतो आणि किडनी अचानक मंदावू शकते. बीपीच्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही असणं आपल्याकडे नेहमीचं आहे, म्हणजे तीनपैकी दोन औषधं आपण घेतो आहोत हे पुष्कळांना माहीतच नसतं. नावाच्या शेवटी ‘एच’ असेल तर स्ट्रिप उलटून वाचा.

यात एप्रिल-मेचा घामटा उकाडा, जुलाब-उलट्या किंवा कडक उपवास आला की धोका आणखी वाढतो. अशा दिवशी पेनकिलर पूर्ण बंद ठेवावी, आणि बीपीच्या व पाण्याच्या गोळीचं काय करायचं ते फोन करून विचारावं.

नवीन प्रकारची गोळी पोटाला सोसते म्हणतात. तिने सूज येत नाही ना?

येते. इटोरिकॉक्सिब आणि सेलेकॉक्सिब पोटाला तुलनेने कमी त्रास देतात, पण किडनीला सूट देत नाहीत; ज्या विकराला त्या अडवतात तो किडनीत कायमच असतो. इटोरिकॉक्सिबने बीपी डोसाच्या प्रमाणात चढतं, आणि युरोपातल्या औषधपत्रकात तर बीपी सतत १४०/९० च्या वर असेल तर ती देऊच नये असं स्पष्ट लिहिलं आहे. १२० मिलिग्रॅमचा डोस फक्त गाउटच्या (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याच्या) तीव्र झटक्यासाठी आणि जास्तीत जास्त ८ दिवस. गुडघेदुखीला तो महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी आजच डॉक्टरांना भेटावं. याच गटातलं रोफेकॉक्सिब हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं होतं.

पाय सुजल्यावर गोळी लगेच बंद करू का?

दुखणं कमी करण्यापुरती ती दिली असेल तर पुढचा डोस थांबवून लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. दोन-तीन दिवस पेनकिलर न घेतल्याने दुखेल, पण अपाय होत नाही. संधिवात किंवा मणक्याच्या दाहासाठी नियमित चालू असेल तर त्याच दिवशी विचारून निर्णय घ्या, कारण तिथे पर्यायी औषध ठरवावं लागतं.

हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, उदाहरणार्थ इकोस्प्रिन, ही या कारणासाठी कधीही आपणहून बंद करू नका. तेवढ्या डोसने सहसा पाय सुजत नाहीत, आणि स्टेंट असलेल्याने ती सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मात्र ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयब्युप्रोफेन घेतल्यास ॲस्पिरिनचं काम अडू शकतं, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

किती दिवसांत उतरते?

किडनी आणि हृदय ठीक असेल तर गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत लघवी वाढते, वजन उतरायला लागतं आणि आठवड्याभरात पाय पूर्ववत होतात. आठवडा उलटूनही फरक नसेल तर कारण दुसरं आहे किंवा गोळीने आत काही बिघडवलं आहे. तपासण्या तेव्हा टाळू नका.

केमिस्टकडून पाण्याची गोळी आणून घेतली तर?

घेऊ नका. पेनकिलर चालू ठेवून वर फ्युरोसेमाइड घेतल्यावर एक तर ते पुरेसं काम करत नाही, कारण त्याचा परिणाम पेनकिलर कमी करते. दुसरं म्हणजे टेल्मिसार्टन आधीच चालू असेल तर वर सांगितलेली तिन्ही औषधं तुम्ही स्वतःच्या हाताने एकत्र आणता. सूज थोडी उतरते, समाधान वाटतं आणि किडनीची अवस्था रक्त तपासेपर्यंत कळत नाही. एका औषधाचा त्रास झाकायला दुसरं औषध घेण्याचा हा प्रकार आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो.

पाणी कमी प्यावं का? मीठ किती खावं?

डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर पाणी तोडू नका. अडकलंय ते मुळात मीठ. एक लिटर पाणी शरीरात राहायचं तर त्यासोबत सुमारे ९ ग्रॅम मीठ राहावं लागतं, सलाइनच्या एका लिटरमध्ये असतं तेवढंच. म्हणून हात आखडायचा तो मिठावर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात भाजी-आमटी-पोळीतलं सगळं आलं. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, शेव, बाहेरचा वडापाव, चायनीज, सुकट, जवळा, सुके बोंबील हे सूज असेपर्यंत बंद. सुकी मासळी सोडवत नसेल तर दोन-तीन पाण्यांतून धुवून, भिजवून घ्या. मीठ कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

पेनकिलरने पोटात जळजळ होते म्हणून इनो घेणारे खूप आहेत. इनोचं एक पाकीट म्हणजे सोडियमच्या हिशोबाने साधारण २ ग्रॅम मीठ. दिवसाला दोन पाकिटं घेतली तर जवळजवळ अख्ख्या दिवसाचा कोटा तिथेच संपला.

मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ चालेल का, असं विचारतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पेनकिलर आणि टेल्मिसार्टन-रामिप्रिल दोन्ही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. किडनी तपासल्याशिवाय हे मीठ नको. याच कारणासाठी सूज उतरायला म्हणून रोज दोन-तीन शहाळी पिणंही थांबवा.

घरगुती काढा, आयुर्वेदिक पावडर घेतली तर निदान त्रास तरी होणार नाही?

काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तोही मीठ धरून ठेवतो आणि बीपी चढवतो. घशासाठी रोज ज्येष्ठमधाची कांडी चघळणाऱ्यांनाही हे लागू आहे.

बिनलेबलच्या, पुडीतून किंवा डबीतून मिळणाऱ्या ‘सांधेदुखीच्या’ पावडरी आणि गोळ्या हा गंभीर मामला आहे. अशा उत्पादनांच्या तपासणीत स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारखी औषधं मिसळलेली वारंवार सापडली आहेत. दोन दिवसांत वर्षानुवर्षांचं दुखणं पळालं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, पाय सुजले, तर संशय घ्यायलाच हवा. बरेच महिने घेतली असेल तर एकदम थांबवू नका, कारण स्टेरॉइड अचानक तोडलं तर बीपी कोसळू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तर किडनीला त्रास होत नाही, खरं का?

नाही. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कमरेत घेतलं तरी औषध रक्तातूनच जातं आणि किडनीपर्यंत पोहोचतं. सपोझिटरीचंही, म्हणजे गुदद्वारातून घ्यायच्या गोळीचंही, तेच.

जेलचं मात्र वेगळं आहे. डायक्लोफेनॅकचं जेल लावल्यावर गोळीच्या तुलनेत साधारण ६ टक्केच औषध रक्तात उतरतं. गुडघा, हाताची बोटं, घोटा अशा वरवरच्या सांध्यांना ते चांगलं काम करतं; खुबा किंवा कंबर खोल असल्याने तिथे फारसं पोहोचत नाही. लावल्यावर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, प्लास्टिक गुंडाळू नका. शोषण वाढतं आणि कातडी भाजते. किडनी आधीच कमजोर असेल तर जेलही विचारूनच लावा.

मग दुखण्यावर काय घेऊ?

बहुतेकांसाठी पहिला पर्याय पॅरासिटामॉल. ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. निरोगी प्रौढासाठी कमाल मर्यादा ४ ग्रॅम असली तरी वयस्कर, ५० किलोपेक्षा कमी वजनाचे, यकृताचा आजार असलेले किंवा रोज दारू घेणारे यांनी २ ते ३ ग्रॅमच्या आतच राहावं आणि नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. पाण्यात विरघळणाऱ्या, फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं, म्हणून साधी गोळी घ्या.

गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम गोळीइतकाच महत्त्वाचा आहे. पाठीवर झोपा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून ५ सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन आठवडे परिणाम दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात. सहा आठवडे तरी करा. गाउट असेल तर कोल्चिसिन किंवा थोड्या दिवसांचं स्टेरॉइड हे पर्याय डॉक्टर किडनी बघून निवडतात.

दिवसभर उभं राहून काम आहे. सूज त्याची की गोळीची?

दोन्हींची असू शकते. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने लोकल, मग दुकानात किंवा रबाळे-महापेच्या कारखान्यात आठ तास उभं, आणि ऑक्टोबरची उष्णता: एवढ्यानेही घोटे भरतात. पण अशी सूज रात्रभराच्या झोपेने जवळजवळ पूर्ण उतरते आणि सुट्टीच्या दिवशी येत नाही. सुट्टीच्या दिवशीही आली तर गोळीकडे बघा.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये ओझी उचलणारे माथाडी आणि बांधकामावरचे मजूर कामावर उभं राहता यावं म्हणून रोज पेनकिलर घेतात, तीही बऱ्याचदा उपाशीपोटी आणि घामाने अंग सुकलेलं असताना. किडनीसाठी याहून वाईट वेळ नाही. काम सोडणं शक्य नसतं हे मान्य करूनच सांगतो: आधी खा, पाणी प्या, रोजच्या रोज घेऊ नका, आणि वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या; किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं.

घरी आल्यावर पाय छातीच्या पातळीच्या वर येतील असे उशांवर ठेवून २० ते ३० मिनिटं पडा. नुसतं स्टुलावर पाय ठेवून बसल्याने तेवढा उतार मिळत नाही. घट्ट मोजे मात्र विचारून घाला. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर जखमा होतात.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी आहे. कॉम्बिफ्लॅम घेऊ का?

नको. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर डेंग्यू आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) हंगाम असतो. डेंग्यूत प्लेटलेट घटलेल्या असताना या गटातल्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. लेप्टो स्वतःच किडनीवर घाला घालतो, वर पेनकिलर म्हणजे दुहेरी मार. साचलेल्या पाण्यातून चालून गेल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, डोळे लाल आणि लघवी कमी झाली तर वेळ न दवडता रुग्णालयात जा. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

गरोदर असताना?

२० आठवड्यांनंतर हा गट डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय घ्यायचाच नाही. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पायांच्या सुजेसोबत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा बीपी १४०/९० च्या वर असेल तर लगेच प्रसूतितज्ज्ञांकडे जा.

कोणत्या तपासण्या, आणि कुठे?

रक्तात क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज), सोडियम, पोटॅशियम, अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन. लघवीची साधी तपासणी आणि त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण. बीपी आणि ईसीजी. गरजेप्रमाणे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, यकृताच्या चाचण्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय इथे दाखवता येईल. बीपी बघायला घराजवळचा महापालिकेचा दवाखानाही पुरे.

रिपोर्टवर क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. १.१ हा आकडा ३० वर्षांच्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर ९० च्या वर येतो. ७० वर्षांच्या आजींचा असेल तर तो ५४ च्या आसपास भरतो, म्हणजे किडनी आधीच मंदावलेली आहे. ६० च्या खाली या गोळ्या लांबवायच्या नाहीत, ३० च्या खाली घ्यायच्याच नाहीत. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघावं.

रुग्णालयात तातडीने कधी?

सुरुवातीला दिलेल्या लक्षणांखेरीज: सपाट झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागणं, डांबरासारखी काळी शौच, अंगभर पुरळासह ताप आणि चेहऱ्यावर सूज. शेवटची तक्रार मेफेनॅमिक ॲसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रियेत दिसते. भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. ही प्रतिक्रिया गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते, म्हणून मासिक पाळीच्या दुखण्याला ही गोळी घेणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवावं.

सूज उतरली. तीच गोळी पुन्हा कधी घेता येईल का?

किडनी, हृदय, बीपी ठीक असेल आणि सूज थोडीच आली असेल तर डॉक्टर कमी डोस, तीन-चार दिवसांपुरता, वजन-बीपी बघत देऊ शकतात. याच गटातली दुसरी गोळी दिली तर सूज येणार नाही, असं मात्र समजू नका. ज्यांना दम लागला होता, क्रिएटिनिन वाढलं होतं किंवा लघवीतून प्रथिनं गेली होती त्यांनी हा गट कायमचा टाळावा. औषधाचं आणि गटाचं नाव एका कागदावर लिहून आधारकार्डाच्या पाकिटात ठेवा; दात काढताना, ऑपरेशनच्या वेळी किंवा अपघातात तोच कागद कामी येतो, कारण तिथे पेनकिलर विचारल्याविना दिली जाते.

हा त्रास कुठे कळवता येतो का?

येतो, आणि कळवावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४, कामकाजाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत. रुग्ण किंवा घरचं कोणीही कळवू शकतं आणि ग्राहकांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. फोन करण्यापूर्वी हाताशी ठेवा: गोळीचं नाव व ताकद, स्ट्रिपवरचा बॅच नंबर, सुरू आणि बंद केल्याची तारीख, सूज कधी दिसली व कधी उतरली, आणि सोबत चालू असलेली सगळी औषधं. गोळ्या संपल्या तरी रिकामी स्ट्रिप महिनाभर फेकू नका.